कधी गेलं?

आमचे सर रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला तर एखाद्या वेळी न बघता पुढे जायचे. वाळलेलं लाकूड मात्र त्यांनी असं कधी टाळलं नाही. बांधावरची बाभूळ असो की कुणाच्या परसात आडवा झालेला शेवगा, सर थांबायचे, मालक कोण ते शोधून काढायचे, त्याच्याजवळ उकिडवे बसायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "कधी गेलं?"

नवखा माणूस गोंधळायचा. झाडाबद्दल असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. "झाड कधी वाळलं" असं विचारावं, "कधी तोडलं" असं विचारावं. पण सरांना ते शब्द पटत नसत. तोडलेलं लाकूड लगेच मरत नाही आणि उभं असलेलं झाड जिवंत असेलच असं नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून "कधी गेलं?" या एका प्रश्नानं त्यांनी दोन जिल्ह्यांतली लाकडं पालथी घातली.

सर नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांचा विद्यार्थी. लाकडावरच्या बुरशा हा त्यांचा विषय. त्यातही छत्रीसारख्या देखण्या बुरशा नव्हेत. कुजत्या लाकडाला चुन्याचा हात दिल्यासारखा जो पातळ थर धरतो, पांढरा, पिवळट, कधी विटकरी, तो. त्याला सर सरळ 'खपली' म्हणत. लॅटिन नावं त्यांना तोंडपाठ होती, पण ती पाकिटाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. बोलण्यात खपलीच. पोरांनी त्यांचं नाव खपलीसर ठेवलं, ते त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

"छत्रीवाल्याचे फोटो काढतेत लोकं," ते म्हणायचे. "ह्याला देठ न्हाई, टोपी न्हाई. बिचारं लाकडाला पाठ लावून पडून राहतंय. पण लाकडाची माती करायचं काम हेच करून राहिलंय. हे नसतं तर मेलेल्या झाडांनी आपल्याला चालाय जागा ठिवली नसती."

हिमायतनगरला आम्ही एकदा नमुने गोळा करायला गेलो होतो. एका घरासमोर आंब्याचा ओंडका पडला होता आणि त्यावर एक म्हातारा बसला होता. ओंडक्याच्या खालच्या अंगाला खपली होती, फिक्या जांभळ्या रंगाची. तशी आम्ही दोघांनीही आधी पाहिली नव्हती. सर म्हाताऱ्याजवळ उकिडवे बसले आणि नेहमीसारखं विचारलं, "कधी गेलं, मामा?"

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. "पोळ्याच्या आधल्या दिशी," तो म्हणाला. "ताप आल्ता. दवाखान्यात नेस्तोवर गेलं लेकरू." आणि मग तो आपल्या नातवाबद्दल सांगत राहिला. सर तासभर तसेच बसून होते. हूं हूं करत होते. घरातून चहा आला, तो प्यायले. उठताना म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चालायला लागले. खिशातला चाकू खिशातच राहिला.

एसटीत मी म्हणालो, "सर, ती जांभळी खपली राहिली की."

"राहू दे," ते म्हणाले. "त्या घरात एकदा 'कधी गेलं' इचारून झालंय. पुन्हा कसं इचारू?"

ती खपली पुन्हा आम्हाला कुठे दिसली नाही. दुसरा कुणी संशोधक असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. सरांनी तिचा विषयही काढला नाही.

'कधी गेलं' हा त्यांच्या पाकिटावरचा रकाना होता. पाकिटं जुन्या उत्तरपत्रिकांची. आमचे नापास पेपर आतल्या बाजूला आणि बाहेर चार रकाने: झाड, गाव, कधी गेलं, कोणी पाहिलं. लाकूड मेल्यावर पहिल्या पावसाळ्यात येणाऱ्या खपल्या वेगळ्या, तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यातल्या वेगळ्या. पंगती बसतात तशा त्या पाळीपाळीनं बसतात. त्यामुळे मेल्याची वेळ कळली नाही तर सरांच्या लेखी नमुना अर्धवट. आणि चौथा रकाना रिकामा ठेवला तर तो पूर्णच फुकट. "पाहणाऱ्याचं नाव न्हाई म्हणजे कुणी पाहिलंच न्हाई," असं ते बजावत.

त्यांनी मला पहिला धडा दिला तो दगडफूल आणि खपली यातल्या फरकाचा. आपल्या मसाल्यात घालतात ते दगडफूल. त्याचीच काही भावंडं झाडाच्या सालीला अशी चिकटून असतात की खपलीच वाटावी. सरांनी मला दोन काटक्या दिल्या आणि म्हणाले, "नखानं खरवड." एकीतून थराखाली हिरवट दिसलं. "हे दगडफूल. ह्याच्या पोटात शेवाळ असतंय, ते ऊन खाऊन जगतंय. जित्या झाडाच्या सालीवर बी राहतंय, झाडाला तरास देत न्हाई." दुसरीतून नुसतं भुस्सट पांढरं. "ही खपली. हिला हिरवं ठावं न्हाई. ही मेलेलंच खाती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे दोन्ही एक केलास तर बाकीचं शिकून काय उपेग न्हाई."

खपल्यांचे वर्ग लावणं हा त्यांचा खरा संसार. पूर्वी वरवर बघून वर्ग लावायचे. गुळगुळीत एका घरात, सुरकुतलेल्या दुसऱ्या, दातेरी तिसऱ्या, भोकाभोकाच्या चौथ्या. सरांनी वर्षानुवर्षं कपाटातले कप्पे तसे भरले. दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं पातळ काप घ्यायचा, त्यावर पोटॅशचा थेंब टाकायचा, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तास-दोन तास गप्प. मग बाहेरच्या जगात डीएनए तपासायला लागले आणि कळलं की दिसण्यावर काही नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन खपल्या एकमेकींच्या कुणीच नव्हेत, आणि एखादी खपली निघाली छत्रीवाल्याची सख्खी बहीण.

ही बातमी असलेला लेख मीच त्यांना नेऊन दिला होता. मला वाटलं, खचतील. त्यांनी तो दोनदा वाचला आणि अख्खी मे महिन्याची सुट्टी कपाट रिकामं करून पाकिटं नव्यानं लावण्यात घालवली. मी हळहळलो तर म्हणाले, "चुकलो ते आपण. खपली कुठं चुकली?"

नांदेडच्या इतवाऱ्यातल्या लाकडाच्या वखारीत त्यांना मोकळं रान होतं. वखारवाले चाचा त्यांच्यासाठी जुनं, भिजलेलं लाकूड बाजूला काढून ठेवायचे. "मास्तर, तुमी आलं की माझ्या मालाला शरम वाटती," ते म्हणायचे. "सगळ्यांची पाठ उलटी करून बघता." पण आपल्या दारातल्या कडुलिंबाची एक बाजू वाळली तेव्हा चाचांनी झाडतोड्याला बोलावलं नाही, सरांना बोलावलं. सर गेले, खोडाला हात लावला, भिंग लावलं. "ह्या अंगानं गेलंय, चाचा. खपली धरली." चाचा म्हणाले, एक बरसात बघू की, लावलेलं अब्बांनी आहे. तेव्हा सरांनी त्यांचं ते नेहमीचं वाक्य सांगितलं, "खपली धरली की वाट बघायची न्हाई."

गावोगाव लोक त्यांना यासाठी बोलवायचे. मुखेडला आमच्या शेतातली चिंच त्यांनीच बघून सांगितली होती. नाडी बघणारा वैद्य असावा तसे ते, फक्त यांच्याकडे औषध नसायचं. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की असा माणूस आपल्या दारात काय करत होता ते नीट कळावं. सर असते तर त्यांनी मला हे लिहू दिलं नसतं.

सरांना दोन मुली. पाकिटांवरचं सुंदर अक्षर मोठीचं. सरांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे, म्हणून ती शाळेत असल्यापासून रकाने भरायला बसायची. सगळ्यात जुन्या पाकिटांवर 'कोणी पाहिलं' या रकान्यात तिनं 'बाबा' असं लिहिलेलं आहे. सरांनी ते कधी बदललं नाही. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली, तिचं लग्न ठरलं, आणि ते वर्ष नेमकं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचं निघालं.

पंचवीस माणसांत लग्न उरकायचं ठरलं होतं. दारात मुहूर्तमेढ रोवली. उंबराची ताजी फांदी, मनगटाहून जाड, तिला हळदकुंकू, आंब्याचा टहाळा, पिवळ्या फडक्यात बांधलेली सुपारी. मेढ रोवल्यावर तीन दिवसांनी मोठीला ताप आला. दवाखान्यात ती नऊ दिवस होती. मी लातूरला अडकलो होतो, सगळे रस्ते बंद होते. नंतर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला सांगितलं, "लांबून दाखवलं, बाबा. गाडीतूनच नेलं त्यांनी. हात लावू दिलं न्हाई, की खांदा देऊ दिलं न्हाई."

मेढ तशीच राहिली. लग्न लागलं की मांडव परततात, तेव्हा मेढ काढतात. लग्नच लागलं नाही तर ती कधी काढायची, हे कुणालाच सांगता येईना. भटजींना विचारायचं धाडस काकूंना झालं नाही. आणि त्या पावसाळ्यात मेढीला पालवी फुटली. दोनच पानं, पण फुटली.

सर तेव्हापासून मेढीला पाणी घालायला लागले. रोज सकाळी एक तांब्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं गळली, तरी तांब्या चालू. गल्लीतल्या लोकांनी आडून आडून सुचवलं, की दारात असं बरं दिसत नाही. सर म्हणायचे, "पालवी फुटल्यालं लाकूड हाय. पालवी फुटल्यालं काढत न्हाईत."

मी लातूरला क्लासमध्ये शिकवतो. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास. सगळी बुरशी मी तिथे पन्नास मिनिटांत उरकतो आणि खपलीचं तर नावही घेत नाही, कारण ती परीक्षेला येत नाही. सुट्टीच्या रविवारी मी सरांकडे जायचो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा मेढीच्या उत्तरेच्या अंगाला पांढरा थर दिसला. मी चप्पल काढली, घरात गेलो, चहा प्यायलो आणि परत निघालो. पुढच्या वेळी थर वीतभर झाला होता. सर त्याच्या शेजारी उभे राहून तांब्या ओतत होते आणि मी त्यांच्याशी कांद्याच्या भावावर बोलत होतो. माझ्या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

चार वर्षांनी धाकटीचं लग्न ठरलं. काकूंचा फोन आला. "नवी मेढ रोवायची हाय, बाबा. एका दारात दोन कशा उभ्या करू? ते ऐकून घेईनात. पोरगी म्हणती, मग मला लग्नच नको. तू ये. तुझं ऐकतेत ते."

लातूर ते नांदेड एसटीत मी सगळं जुळवून ठेवलं. सरळ सांगायचं, सर, हे लाकूड गेलंय. त्यांचंच वाक्य त्यांना सांगायचं, खपली धरली की वाट बघायची नाही. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणूनही बघितलं.

सर दारातच होते. मला बघून तांब्या खाली ठेवला, खिशातलं भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. मेढीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ बरं. काय हाय सांग."

मी वाकलो. शंकेला जागाच नव्हती. थर मेणासारखा, मधे तडकलेला, कडेला कापसासारखी पांढरी किनार. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ओळखता आला असता. मागे दारात काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. एसटीतलं सगळं वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि मी म्हणालो, "दगडफूल आहे, सर."



"दगडफूल," ते म्हणाले. "म्हणजे झाड जितं असाय हरकत न्हाई."

"हो सर."

"नखानं खरवड."

मी हललो नाही. तेव्हा त्यांनी स्वतः माझा हात धरला, माझं बोट त्या थरावर टेकवलं आणि ओढलं. पांढरा भुसा नखात आला. खाली तसलंच पांढरं.

"हिरवं दिसलं का?"

"नाही, सर."

"मग मी तुला असं शिकवलो का?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "चार वरसं झाली," ते म्हणाले, "एक बी माणूस मला खरं सांगना गेलाय. गल्लीतले लोकं घाबरतेत. तुझी काकू रडती. मला वाटलं, हा एकजण हाय, हा खपली वळखतो, हा सांगल. दोन वरसं तू येऊन राहिलास, इथं उभा राहून कांद्याचं बोलून राहिलास. मला काय डोळे न्हाईत? पहिली किनार धरली त्याच दिवशी दिसली मला."

"मग सर, पाणी..."

"घालत होतो. कळून बी घालत होतो." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. "आपल्या दारातलं आपल्याला लिहिता येत न्हाई रे. पाहणारा दुसरा लागतो."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग मी पुन्हा वाकलो, भिंग लावलं, आणि या वेळी मोठ्यानं म्हणालो, "खपली आहे, सर. लाकूड गेलंय."

"हाव," ते म्हणाले. "ल्ही."

धाकटीनं आतून पाकीट आणि पेन्सिल आणून दिली. मी चाकूनं बोटभर तुकडा काढला आणि मेढीजवळ जमिनीवरच बसलो.

"झाड?"

"उंबर."

"गाव?"

"नांदेड. तुमचं दार."

तिसऱ्या रकान्याशी पेन्सिल थांबली. सरांनी वैशाखातली एक तारीख सांगितली. फांदी तोडल्याची ती तारीख नव्हती. ती कशाची तारीख आहे हे तिथल्या चौघांनाही माहीत होतं.

"पण सर, पालवी त्यानंतर फुटली होती," मी म्हणालो.

"लाकडात उरल्यासुरल्या पाण्यावर फुटती पालवी. त्याला जगणं म्हणत न्हाईत." मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं तुझं नाव घाल. पुरं."

मी नाव घातलं. सरांनी पाकीट वाचलं, माझ्या खिशात ठेवलं आणि मेढीला हात घातला. मी कुदळ आणायला उठलो, तर ती लागलीच नाही. बुडाशी काही राहिलंच नव्हतं. मेढ नुसती हातात आली. पिवळं फडकं ऊनपावसानं पांढरं झालं होतं, पण गाठ तशीच होती.

मेढीचं लाकूड चुलीत घालत नाहीत. ते पाण्यात सोडायचं. सरांच्या घरापासून गोदावरी पायी वीस मिनिटांवर. लाकूड इतकं हलकं झालं होतं की एका हातात काखोटीला मारून नेता आलं असतं. पण सरांनी एक टोक उजव्या खांद्यावर घेतलं आणि मागे न बघता म्हणाले, "मागचं टोक धर."

मी पुढे झालो. तेवढ्यात काकू पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी मला हातानं बाजूला केलं. "तू सरक, बाबा," म्हणाल्या. "हे आमचं हाय." पदर कमरेला खोचला आणि मागचं टोक खांद्यावर घेतलं.

सर उंच, काकू ठेंगण्या, त्यामुळे मेढ तिरपी झाली. सर थोडे वाकले, मग नीट बसली. दोघं गल्लीतून चालायला लागले. ओट्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. धाकटीनं फाटक ओढून घेतलं आणि ती माझ्याबरोबर मागून चालू लागली. नदी येईपर्यंत त्या दोघांनी खांदा बदलला नाही.